पाचही कॉम्प्युटर बदलायला निघालो होतो, बदलले दोनच: एमजी रोडच्या या दुकानाचा आमचा अनुभव

पाचपैकी चार स्टार देतेय. एक स्टार का कापला ते खाली सांगतेच, पण आधी चार कशासाठी दिले ते नीट लिहिते, कारण माझ्यासारखे छोटे युनिट चालवणारे नाशकात भरपूर आहेत आणि गेल्या वर्षी सगळ्यांनाच एकच प्रश्न पडला होता की विंडोज १० बंद होतंय तर आता सगळी मशीनं फेकायची का.

आमचं अंबड एमआयडीसीत जॉबवर्कचं युनिट आहे, टर्निंग आणि व्हीएमसीची (कॉम्प्युटरच्या प्रोग्रॅमवर चालणारं मिलिंग मशीन) कामं, सगळे धरून १४ माणसं. शेड मिस्टर बघतात, ऑफिस म्हणजे बिलं, पगार, बँक, जीएसटी हे सगळं माझ्याकडे. कॉम्प्युटर पाच. एक बिलिंगचा ज्यावर टॅली चालतं, एक ड्रॉइंगचा, एक स्टोअरला, एक क्यूसीला म्हणजे माल तपासणीला, आणि पाचवा शेडमध्ये जुन्या व्हीएमसीला प्रोग्रॅम पाठवायला, ज्यावर अजून विंडोज एक्सपी आहे. हो, एक्सपी. त्याच्याबद्दल सविस्तर लिहिणारच आहे.

तर झालं असं की मागच्या जुलैमध्ये एका शनिवारी दुपारी चाकणला जाणारा माल टेम्पोत भरून तयार, ड्रायव्हर गेटवर उभा, आणि बिलिंगचा कॉम्प्युटर निळा स्क्रीन दाखवून बसला. चालू केला की परत निळा. मालासोबत लागणारं ई-वे बिल निघेना, टेम्पो हलेना. शेवटी साडेसहाला शेजारच्या प्लॉटवाल्या भाऊंच्या ऑफिसात जाऊन लॉगिन करून बिल काढलं, तोवर कस्टमरच्या गेटवर माल घ्यायची वेळ टळलेली, माल थेट सोमवारी उतरला आणि वर दोन मेल ऐकून घ्यावे लागले. त्या रात्रीच ठरवलं की आता बास, सगळे कॉम्प्युटर नवीन घ्यायचे.

ज्यांच्याकडून आम्ही आधी घ्यायचो त्या सप्लायरला बोलावलं (नाव लिहीत नाही). त्यांचा माणूस आला, एकही कॅबिनेट न उघडता प्रत्येक मशीनवर दोन मिनिटं बसला आणि संध्याकाळी कोटेशन पाठवलं. पाच डेस्कटॉप, सगळे एकाच कॉन्फिगरेशनचे, ५२,००० प्रमाणे २,६०,००० आणि वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३,०६,८००. जुने पाचही मशीन ते १,५०० ला एक या भावाने उचलून नेणार, हार्डडिस्कसकट. मी सहीच करणार होते हो. पण आमच्या क्यूसीतल्या मुलाने सांगितलं की वहिनी, माझ्या मामांच्या प्रेसचं काम एमजी रोडवरचे एक दादा बघतात, एकदा त्यांना दाखवा. त्याचं ऐकलं ते फार बरं झालं.

दुकान अगदी लहान आहे, एमजी रोडच्या आतल्या गल्लीत, समोर दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्याला जागा नाही. मी गेले तेव्हा दादा एका सीएंच्या ऑफिसचा सर्व्हर उघडून बसले होते. मी कोटेशन पुढे ठेवलं आणि म्हटलं याच्यापेक्षा कमी कितीत द्याल. त्यांनी कागद वाचला, परत दिला आणि म्हणाले, "ताई, भाव मी नंतर सांगतो, आधी मला सांगा, यातलं प्रत्येक मशीन आज संध्याकाळी मेलं तर उद्या सकाळी तुमच्याकडे काय काय थांबेल?" मला पाचपैकी फक्त दोनांचं उत्तर धड देता आलं. मग म्हणाले एक काम करा, एक वही घाला, महिनाभर जे मशीन अडेल त्याची तारीख, किती मिनिटं अडलं आणि त्या वेळात कोण रिकामं बसलं एवढंच लिहा, मग मी येतो. माणूस लाखाच्या वर धंदा देतोय आणि दुकानदार त्याला महिनाभर वही लिहायला सांगतोय, हे मी तरी पहिल्यांदा बघितलं.

वही लिहिली. मनापासून लिहिली, कारण त्या टेम्पोचा राग डोक्यात होताच. (ज्यांना नवीन मशीन घ्यायचंय त्यांनी दुसरं काही करू नका पण ही वही कराच, १० रुपयांची वही आहे.) महिन्याच्या शेवटी जे दिसलं ते माझ्या अंदाजाच्या एकदम उलट होतं. मला वाटायचं स्टोअरचा कॉम्प्युटर सगळ्यात त्रासदायक, कारण स्टोअरचे काका रोज त्याच्यावर ओरडायचे. वहीत मात्र बिलिंगचं मशीन रोज सरासरी ३५ मिनिटं खात होतं. सकाळी चालू व्हायला सात मिनिटं, टॅली उघडायला, पोर्टल उघडायला, प्रिंट द्यायला, असं थोडं थोडं करून. २६ दिवसांचे झाले ९१० मिनिटं, म्हणजे १५ तासांच्या वर, जवळजवळ दोन पूर्ण शिफ्ट. आमची अकाउंटची मुलगी तेवढा वेळ नुसती स्क्रीनकडे बघत बसलेली आणि पगार आम्ही देतोय, वर तिलाच उशिरापर्यंत थांबवतोय. याचं मला फार वाईट वाटलं. स्टोअरचं मशीन हळू होतं खरं, पण ते अडलं तर काका कागदावर लिहून घेतात आणि नंतर एंट्री मारतात, काम थांबत नाही.

मग दादा आले. सांगितलं होतं मंगळवारी, आले शुक्रवारी, हे कापलेल्या स्टारचं पहिलं कारण. पण आले ते चांगले पाच तास होते. ब्लोअर, मल्टीमीटर, टॉर्च सगळं घेऊन. प्रत्येक कॅबिनेट उघडलं. आमच्याकडे शेडमधली लोखंडाची बारीक धूळ आणि कूलंटची वाफ ऑफिसपर्यंत येते, ती आत जाऊन फॅनवर तेलकट काळा थर झालेला, असा थर की बोटाने खरवडला तरी निघेना. म्हणाले ही धूळ नुसती गरम करत नाही, लोखंडी असल्यामुळे शॉर्टसुद्धा करू शकते, मशीन जमिनीवरून उचला आणि शेडकडच्या दारापासून लांब ठेवा. अशी गोष्ट आम्हाला अकरा वर्षांत कोणी सांगितली नव्हती.

बिलिंगचं मशीन २०१४ चं, इंटेलच्या चौथ्या जनरेशनचा आय-थ्री प्रोसेसर, ४ जीबी रॅम. बोर्डावरचे तीन कपॅसिटर फुगलेले दाखवले, वरची टोपी सपाट असते ती फुगवट्यासारखी वर आलेली. हार्डडिस्कचं स्मार्ट रीडिंग (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद) काढलं, त्यात खराब सेक्टर बाजूला टाकायचा आकडा वाढलेला होता. म्हणाले याच्यावर एक रुपया घालू नका, याला रॅम घातली तर ती डीडीआर-थ्री घ्यावी लागेल जी पुढच्या मशीनला चालणारच नाही, आणि विंडोज ११ तर याला अधिकृतपणे मिळतच नाही. हे बदला आणि आधी हेच बदला.

विंडोज ११ चं पण नीट समजावलं, जे मला तोपर्यंत कोणी नीट सांगितलंच नव्हतं. इंटेलचं असेल तर साधारण आठव्या जनरेशनपासून पुढचा प्रोसेसर लागतो, टीपीएम २.० म्हणजे सुरक्षेची चिप लागते, आणि १४ ऑक्टोबर २०२५ नंतर विंडोज १० ला फुकटचे सिक्युरिटी अपडेट बंद. मशीन काही त्या दिवशी बंद पडत नाही, चालतंच, फक्त नवीन भोक सापडलं तर ते बुजवायला कोणी येत नाही. मी विचारलं मग पैसे भरून अपडेट मिळतात म्हणे? तर हो, मिळतात, कंपन्यांसाठी एका मशीनला पहिल्या वर्षी ६१ डॉलर, दुसऱ्या वर्षी त्याच्या दुप्पट, तिसऱ्या वर्षी त्याच्याही दुप्पट. तिथेच वहीच्या मागच्या पानावर बेरीज करून दाखवली, तीन वर्षांचे ४२७ डॉलर. तेवढ्यात साधं नवीन मशीन जवळजवळ येतंच आणि आपल्या हातात परत अकरा वर्षांपूर्वीचाच डबा.

आता स्टोअर आणि क्यूसीचे दोन्ही मशीन २०१९ चे, एकदमच घेतलेले, आठव्या जनरेशनचे. त्या आधीच्या सप्लायरने यांच्यावर तपासणीचं सॉफ्टवेअर चालवून "विंडोज ११ ला चालत नाही" असं लिहून दिलं होतं. दादांनी बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणारी मशीनची मूळ सेटिंग) जाऊन एक सेटिंग चालू केलं, इंटेल पीटीटी नावाचं, म्हणजे टीपीएम मशीनमध्ये होतंच, फक्त कोणी चालू केलं नव्हतं. डिस्कची जुनी पद्धत बदलून नवीन केली, सिक्युअर बूट चालू केलं, आणि तेच मशीन पास. एका सेटिंगसाठी आम्ही १,०४,००० ची दोन मशीनं घेणार होतो! मुद्दाम ठळक लिहितेय, कारण असे "चालत नाही"चे शिक्के बसलेले कितीतरी चांगले मशीन या शहरात भंगारात गेले असतील.

त्या दोन्हींना फक्त ५०० जीबीचे एसएसडी आणि ८-८ जीबी रॅम टाकली. जुनी हार्डडिस्क सेकंदाला १००-१५० एमबीच्या आसपास वाचते आणि साधा साटा एसएसडीसुद्धा ५०० च्या वर जातो, शिवाय आत फिरणारं काही नाही. स्टोअरचं मशीन आता वीस सेकंदात उठतं. काकांनी पहिल्या दिवशी विचारलं नवीन आणलं का म्हणून.

क्यूसीचं अजून एक होतं. ते मधूनच आपोआप रीस्टार्ट व्हायचं, दोनदा तपासणीचा रिपोर्ट अर्धवट गेला होता, आणि आम्हाला सांगण्यात आलं होतं की मदरबोर्ड गेला. दादांनी मल्टीमीटर लावला, यूपीएसची मेन काढून बघितली, तर यूपीएस दोन सेकंदही टिकेना. बॅटरी चार वर्षांची, १२ व्होल्ट ७ एएचची साधी लेड-ॲसिड, जी दोन-तीन वर्षांत बसतेच. अंबडला लाइट किती वेळा झटका देते ते इथल्यांना सांगायला नको. ११०० रुपयांची बॅटरी घातल्यापासून एकदाही रीस्टार्ट नाही. जाता जाता न्यूट्रल आणि अर्थिंगमधला व्होल्टेज मोजला, तो जास्त आला, म्हणाले हे माझं काम नाही, इलेक्ट्रिशियनला बोलावून अर्थिंगचा खड्डा दुरुस्त करून घ्या, नाहीतर मी लावलेलं नवीन मशीनसुद्धा लवकर जाईल. करून घेतलं.

ड्रॉइंगचं मशीन २०१७ चं, सातव्या जनरेशनचं आय-फाइव्ह. चालू हालतीत, वहीत त्याचं नाव फार नव्हतं, मला वाटलं हे वाचलं. पण इथे दादांनी उलटं सांगितलं. म्हणाले ताई, तुमच्याकडे बाहेरच्या मेलमधल्या फायली रोज कुठल्या मशीनवर उघडतात? याच्यावर. कस्टमरची ड्रॉइंग कुठे आहेत? याच्यावर. मग ज्याच्यात बाहेरचा माल सगळ्यात जास्त येतो त्याच्यावरच अपडेट बंद ठेवून कसं चालेल. बरोबर होतं. शिवाय मिस्टर मोठ्या असेंब्लीची फाइल उघडली की चहा घेऊन यायचे, आणि ते वहीत लिहायचेच नाहीत, कारण त्यांना त्याची सवय झाली होती! हे मला फार पटलं, की ज्या त्रासाची सवय झालीय तो वहीत पण येत नाही, तो बाहेरच्या माणसालाच दिसतो. हे मशीन नवीन घेतलं, चांगलं ग्राफिक्स कार्डवालं, ७८,००० चं. आधीच्या कोटेशनमध्ये स्टोअरला आणि ड्रॉइंगला एकच मशीन होतं, म्हणजे काकांना जास्तीचं आणि यांना कमी पडणारं.

आता एक्सपीवालं. मला त्याची लाज वाटायची, कोणी ऑडिटला आलं की त्याच्यावर कपडा टाकायचे. एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ लाच संपलाय हे मला माहीत होतं. पण आमची ती व्हीएमसी जुनी, तिची मेमरी एवढीशी, मोठा प्रोग्रॅम आत मावतच नाही, तो आरएस-२३२ म्हणजे सिरीयल केबलने थोडा थोडा पाजत राहावा लागतो. मध्ये एकदा आम्ही लॅपटॉपला यूएसबीचं कन्व्हर्टर लावून करून बघितलं होतं, अर्ध्या प्रोग्रॅममध्ये कनेक्शन सुटलं आणि कटर जॉबमध्येच उभा राहिला, जॉबही गेला आणि कटरही. दादांनी ऑपरेटर मामांशी अर्धा तास बोलून सगळं समजून घेतलं (माझ्याशी नाही, मामांशी, हे मला आवडलं) आणि म्हणाले याला हात लावायचा नाही. याच्या बोर्डावर खरा सिरीयल पोर्ट आहे, मामांचा याच्यावर हात बसलाय, काम बरोबर होतंय. फक्त लॅनची वायर काढली, इंटरनेट कायमचं बंद, डिस्कचा हुबेहूब क्लोन काढून कपाटात ठेवला, एक पेनड्राइव्ह लाल टेप लावून फक्त याच्यासाठी ठेवला जो आधी ड्रॉइंगच्या मशीनवर स्कॅन होतो, आणि त्याच मॉडेलचा एक जुना बोर्ड कुठूनतरी शोधून स्पेअर म्हणून दिला, त्याचे पैसेही घेतले नाहीत. बायोसचा नाण्याएवढा सेल पण बदलला, त्याच्यामुळेच तारीख दर वेळी मागे जायची. कपडा आता टाकत नाही.

खर्च जीएसटी सोडून असा झाला: बिलिंगचं नवीन मशीन ४६,०००, ड्रॉइंगचं ७८,०००, दोन एसएसडी ६,४००, रॅम ३,६००, यूपीएसच्या तीन बॅटऱ्या ३,३००, क्लोनची डिस्क १,५००, आणि व्हिजिट-मजुरी ६,५००. एकूण १,४५,३००. मॉनिटर जुनेच ठेवले, त्यांना काहीच झालं नव्हतं. बिलिंगसाठी त्यांनी असेंबल न देता कंपनीचं, तीन वर्षांच्या ऑनसाइट वॉरंटीचं घ्यायला लावलं, ज्यात त्यांना स्वतःला कमी सुटतं हे त्यांनीच सांगितलं. म्हणाले कारण एकच, ते मशीन अडलं तर टेम्पो अडतो, आणि मी एकटा माणूस आहे ताई, गावाला गेलो तर तुमचं काय.

वेळेचं पण सांगते. आमच्या सीएंनी सांगितलं होतं की कॉम्प्युटरवर घसारा ४० टक्के मिळतो, पण त्या वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरला तर निम्माच, म्हणजे ३ ऑक्टोबरच्या आत मशीन वापरात आलं पाहिजे. आणि जीएसटीचं क्रेडिट घेतलं तर तेवढ्या रकमेवर घसारा घ्यायचा नाही. (जे अंदाजी उत्पन्नाच्या योजनेत, तेव्हाच्या कलम ४४एडीमध्ये, भरतात त्यांना वेगळा घसारा धरता येत नाही, त्यांनी या तारखेसाठी घाई करू नये, आपल्या सीएंना विचारा.) गेल्या वर्षी खंडेनवमी १ ऑक्टोबरला आणि दसरा २ ला होता, तर व्हीएमसी, लेथ यांच्याबरोबर दोन्ही नवीन कॉम्प्युटरना पण झेंडूचा हार घातला आणि त्याच दिवशी त्यावर पहिलं बिल काढलं. एक्सपीला पण हार होता.

जुन्या मशीनचं काय केलं तर सातव्या जनरेशनचं इंटरनेटशिवाय स्पेअर ठेवलंय. २०१४ वाल्याची हार्डडिस्क दादांनी काढून माझ्या हातात दिली आणि म्हणाले ही कोणाला द्यायची नाही, आधी ड्रिल मारा. आमच्याकडे ड्रिलला काय तोटा, मामांनी तीन होल मारले. अकरा वर्षांची बिलं, बँकेची स्टेटमेंटं, पगाराचे तक्ते त्याच्यात होते आणि हे मी १,५०० रुपयांत अनोळखी माणसाच्या टेम्पोत घालून देणार होते, अजून विचार आला की अंगावर काटा येतो. बाकीचा सांगाडा नोंदणी असलेल्या ई-कचरावाल्याकडे दिला आणि पावती फाइलला लावली.

आता तक्रारी. फोन उचलत नाहीत, हे खरंच आहे, तीन-तीन वेळा करावा लागतो, व्हॉट्सॲपवर मेसेज टाकला तर रात्री दहाला उत्तर येतं. व्हिजिटचे ५०० वेगळे लागतात हे आधी सांगितलं नाही, बिलातच कळलं. जीएसटीचं बिल दोनदा मागितल्यावर मिळालं, त्यात आमचं एका महिन्याचं क्रेडिट पुढे ढकललं गेलं, असं करू नये. आणि सगळ्यात मोठी चूक, आमचा चलनाचा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर जुन्या पॅरलल पोर्टचा आहे, तीन प्रतींचं चलन त्याच्यावरच निघतं, आणि नवीन बिलिंग मशीनला तो पोर्टच नाही. पाच तास सगळं तपासणाऱ्या माणसाने प्रिंटरच्या मागे बघितलं नाही! तीन दिवस मी आणि अकाउंटच्या मुलीने चलनं हाताने लिहिली. चूक लगेच कबूल केली, पोर्टचं कार्ड स्वतःच्या पैशाने आणून बसवलं, पण तीन दिवस गेले ते गेलेच. तुम्ही त्यांना बोलावलंत तर प्रिंटर आणि वजनकाटा कुठल्या वायरीने जोडलाय त्याचा फोटो आधीच पाठवा.

ज्यांना तासाभरात माणूस दारात हवा आहे किंवा तीस-चाळीस मशीनचं ऑफिस आहे त्यांना हे दुकान पुरणार नाही, त्यांनी एएमसीवाली (वर्षभराच्या देखभालीचा करार करणारी) मोठी पार्टी बघावी. पाच-सात-दहा मशीनवाल्यांनी मात्र कोटेशनवर सही करायच्या आधी एकदा यांना दाखवाच.

आता आठ महिने झाले. वही मी बंद केलेली नाही, मे महिन्यात बिलिंगच्या नावापुढे एकूण २० मिनिटं आहेत आणि तीसुद्धा पोर्टल बंद होतं म्हणून. आमची अकाउंटची मुलगी सहाला घरी जाते. गेल्या आठवड्यात मी दादांना विचारलं की स्टोअरचं मशीन यंदा बदलू का, सात वर्षं झाली, तर म्हणाले वही घेऊन या. जायचं असेल तर सकाळी अकराच्या आत जा, नंतर एमजी रोडला गाडी लावायला जागा मिळत नाही, आणि यूपीएसची जुनी बॅटरी बदलायची असेल तर बरोबरच घेऊन जा, तिचे थोडे पैसे वळते करतात.